मिलुंका सुटायला तयार नाही

मिलुंकाला कुणी प्रेमळ म्हटलं की मला राहवत नाही. प्रेमळ बायका वेगळ्या असतात. त्या आजारी माणसाकडे सूप घेऊन जातात आणि भांडं परत मागत नाहीत. मिलुंका सूप घेऊन जाते, आजाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसते, शेवटचा चमचा त्याच्या पोटात गेल्याशिवाय उठत नाही, आणि भांडं तिथल्याच नळावर घासून सोबत परत आणते. निघताना त्या घरातले पडदे शेवटचे कधी धुतले होते याची चौकशी करते. माणसं लवकर बरी होतात, पण ती सुपामुळे होत असतील असं मला वाटत नाही.

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाची ती अध्यक्ष. तिला कुणी निवडून दिलं होतं हे आठवणाऱ्या बायका आता हयात नाहीत. मी उपाध्यक्ष. अध्यक्षांनी कांदे सोला म्हटलं की कांदे सोलायचे, एवढंच उपाध्यक्षांचं काम. चर्चच्या तळघरात मोठं सभागृह आहे, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघराची किल्ली मिलुंकाच्या गळ्यात, क्रॉसच्या शेजारी. पूर्वी ते उघडंच असायचं. पण वर प्रार्थना चालू असताना पुरुषमंडळी एकेक करून ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत खाली उतरायची आणि तळलेले मासे कमी व्हायचे. एका रविवारी फादर सावांच्या ताटात नुसती शेपटी आली. तेव्हापासून कुलूप.

मिलुंका आणि तिचा नवरा स्तानिमिर सर्बियातल्या डोंगरातून शिकागोच्या या दक्षिण टोकाला आले, तेव्हा इथे पोलादाचे कारखाने धडधडत होते. पुढे कारखाने बंद पडले. स्तानिमिरही गेला, त्याला आता चार वर्षं झाली. मिलुंका आहे. घर दुमजली आहे, मागे लाकडी जिना आणि प्रत्येक मजल्याला लाकडी गच्ची. खाली ती एकटी, वर थोरला मुलगा रादोवान, त्याची बायको आणि मुलगी येला. रादोवान मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. त्याच्याशी गप्पा मारणं म्हणजे कपाटाशी बोलणं. कपाट निदान कधीतरी कुरकुरतं.

धाकटा बोग्दान अगदी उलट. फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करता करता घरमालकाला आपली सगळी हकिकत सांगून होते. त्याला रडायला फार लागत नाही. शाळेच्या गॅदरिंगला हा मुलगा प्रेक्षकांत बसून रडायचा. त्याने ओफेलियाशी लग्न केलं. ती मेक्सिकन, पण परकी नाही, आमच्याच मागच्या गल्लीतली. आमची पोरं उपनगरांत पांगली तशी त्यांची माणसं या वस्तीत आली. सर्ब खाटकाच्या दुकानात आता टॉर्टिया मिळतात, आणि चांगल्या मिळतात. लग्नानंतर ती दोघं हद्दीपलीकडे इंडियानात राहायला गेली. गाडीने अर्ध्या तासाचं अंतर. मिलुंकाने सुरुवातीला सुनेला नाव ठेवायला काही सापडतं का ते नीट पाहिलं. सापडलं नाही. त्याचाही तिला थोडा राग आला.

तर अशा रीतीने मिलुंकाच्या वाट्याला वर्षातून आईचे तीन दिवस आले. एक अमेरिकन, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा. त्या दिवशी रादोवान तिला हॉटेलात नेतो, तिथे प्रत्येक आईला एक फूल देतात आणि लवकर उठायला लावतात, कारण बाहेर दुसऱ्या आया रांगेत असतात. दुसरा मेक्सिकन, दहा मे, वार कुठलाही असो. त्या पहाटे आईला खिडकीखाली गाऊन उठवायचं. आणि तिसरा आमचा, मातेरीत्से, नाताळच्या तोंडावर. त्यात आईचे पाय बांधायचे. आमचा नाताळ सात जानेवारीला. त्याआधीच्या तीन रविवारांपैकी पहिल्या रविवारी आम्ही मुलांना बांधतो, दुसऱ्या रविवारी मुलं आम्हाला बांधतात, तिसऱ्या रविवारी बापांची पाळी. बांधलेल्याने अक्रोड, सुके अंजीर, मोजे, गोळ्या असं काहीतरी देऊन आपली सुटका करून घ्यायची. अमेरिकन लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, का? आता याला ‘का’ असतं का?

इतकी सोय असताना भांडण व्हायचं कारण नव्हतं. ते झालं तीन वर्षांपूर्वी, दहा मेच्या पहाटे. बोग्दान ओफेलियाच्या मामाला आणि त्याच्या वादकांना घेऊन आला. काळे सूट, त्यावर चांदीची बटणं, दोन व्हायोलिनं, गिटारी, आणि मामा स्वतः ट्रम्पेटवर. मिलुंकाची झोपायची खोली मागच्या अंगणाकडे, म्हणून सगळे अंगणात गेले आणि खिडकीखाली उभे राहून त्यांनी सुरुवात केली. मी शेजारीच राहते. मी उठून पडदा सरकवला. मिलुंका नाईटगाऊनमध्ये, केस सुटलेले, खिडकीत उभी राहून हसत होती. तिला तसं हसताना मी स्तानिमिर गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या गच्चीवर रादोवान आला. रात्रपाळी करून नुकताच झोपलेला. गच्चीत आंबवलेल्या कोबीचं पिंप असतं, आमच्यात प्रत्येकाकडे असतं. मेपर्यंत कोबी संपतो आणि नुसतं पाणी उरतं. हिवाळाभर मुरलेलं ते पाणी. त्या वासाला आम्ही नावं ठेवत नाही, पण ते अंगावर घेतही नाही. रादोवानने पिंप कठड्यावर टेकवलं आणि कलंडलं.

गाणं थांबलं. मामाच्या ट्रम्पेटमधून कोबीचं एक पान निघालं. कुणी काही बोलायच्या आत रादोवान आत जाऊन दार लावून झोपला.

बोग्दानचं म्हणणं, त्याने माफी मागितली पाहिजे, माझी नाही, मामाची, आणि आईची तर आधी. रादोवानचं म्हणणं काय होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण तो बोलला नाही. आम्ही आपले समजलो, रात्रपाळीचा माणूस, झोपमोड झाली, डोकं फिरलं. पण झोपमोडीपायी माणूस तीन वर्षं तोंड बंद ठेवत नाही. मिलुंकाने विचारलं, मी विचारलं, फादर सावांनी कबुलीच्या वेळी विचारलं. कपाट उघडलं नाही.

त्यानंतर दोघांनी आई वाटून घेतली. मंगळवारी संध्याकाळी रादोवान कामावर गेला की बोग्दान यायचा. त्याची गाडी दिसली की रादोवानची बायको पडदा ओढायची, आणि मग पडद्याच्या फटीतून दिराला हात करायची. मदर्स डेला थोरला हॉटेलात न्यायचा, दहा मेला धाकट्याकडून फुलं यायची, दुकानाच्या माणसाच्या हातून. मातेरीत्सेला धाकट्याकडून संत्र्यांची पेटी. आईचा मान दोघंही इतका ठेवत होते की तिला एकदाही दोन मुलांबरोबर जेवता आलं नाही.

या मातेरीत्सेच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्या टेबलावर अक्रोड फोडत होतो. मिलुंका म्हणाली, “रुझे, मला हे दोघं एका टेबलावर बसलेले बघायचेत.”

“बसतील गं.”

“कधी? मला माहितेय कधी. मी पेटीत असेन, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. तेव्हा बसून काय उपयोग? मला उठून वाढता पण येणार नाही.”

तिने एक अक्रोड असा फोडला की टरफल माझ्या चष्म्यावर आलं.

रविवार उजाडला. बाहेर बर्फ, आत गर्दी. वर्षभर ज्यांची तोंडं दिसत नाहीत अशी कुटुंबंही मातेरीत्सेला येतात, कारण नंतर जेवण असतं. नाताळआधीचा उपवास, म्हणजे मांस नाही, दूध-लोणी नाही, पण रविवारी मासे चालतात. भट्टीत भाजलेल्या घेवड्याची मोठी घमेली होती, मासे तळून झाकून ठेवले होते, आणि ते सगळं कुलपाच्या आत होतं. वरची प्रार्थना संपली आणि मुलं खाली धावली. प्रत्येकाच्या हातात सुतळी, रिबीन, बापाचा टाय, काहीतरी. आया इकडेतिकडे बघत, आपल्याला काही ठाऊकच नाही असा चेहरा करून पाय पुढे करून बसलेल्या.

मिलुंका स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. नऊ वर्षांची येला टेबलाखालून रांगत आली आणि स्केटिंगच्या बुटाच्या लांबलचक नाडीने तिने आजीचे दोन्ही घोटे बांधले. जीभ बाहेर काढून, नेटाने.

“आजी, बांधलं! आता काय देतेस?”

“काही नाही.”

येला खिदळली. दरवर्षी थोडी ताणाताणी होतेच. “दे ना गं. पिशवी दिसतेय मला.”

“दिसू दे. मला सुटायचंच नाही.”

आजूबाजूच्या चार बायका हसल्या. मी हसले नाही. मी मिलुंकाचा चेहरा पाहिला होता, आणि आत कुलपाआड भट्टीत राहिलेला घेवडा पण आठवला.

“येला, मला मुलगे किती?” मिलुंकाने विचारलं.

“दोन. बाबा आणि बोग्दानकाका.”

“आणि दोऱ्या किती घरून आल्या?”

येलाने नाडीकडे पाहिलं. “एक.”

“मग? दोन मुलांच्या आईला दोन्ही घरची दोरी लागते. अर्धी बांधलेली बाई सुटत नसते. आमच्या गावात असंच होतं.”

अशी रीत कुठल्याही गावात नव्हती. माझं गाव तिच्या गावाच्या पुढच्या टेकडीवर, मला ठाऊक नसतं का? पण ती इतक्या ठामपणे बोलली की जवळ बसलेल्या म्हाताऱ्या पेर्साला ती रीत आठवली. “हो गं बाई,” पेर्सा म्हणाली, “माझ्या आजीच्या वेळी एक बाई दुसऱ्या दिवसापर्यंत बसली होती.” मग आणखी दोघींना ती बाई आठवली. एकीला तर तिचं नावही आठवलं.

मिलुंकाने गळ्यातली किल्ली उचलली आणि पोलक्यात आत सोडली. किल्लीचा विषय तिथे संपला.

रादोवान कॉफीच्या टेबलाजवळ उभा होता. तो आला. “आई, पुरे. लोक थांबलेत.”

“थांबू देत. मी पण थांबलेय, तीन वर्षं.”

“मी त्याला फोन करणार नाही.”

“मी कुठे म्हटलं कर? मी नुसती बसलेय.”

रादोवानने नाडी सोडायला हात पुढे केला. मिलुंकाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या आईच्या पायांशी झटापट करणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो ताठ झाला, आणि कोट न घेता जिन्याने वर, बाहेर बर्फात निघून गेला.

आता फादर सावांना पुढे केलं गेलं. ते मोठे विद्वान आहेत, पण पहाटेपासून उपाशी होते. “मिलुंका,” ते म्हणाले, “ही रूढी आहे, धर्म नव्हे. धर्मात बसत नाही हे.”

“मग तुम्ही जेवून घ्या ना, फादर.”

फादरांनी कुलपाकडे पाहिलं. मग माघार घेऊन ते भिंतीवरच्या संतांच्या तसबिरी बघू लागले, जणू पहिल्यांदाच बघत होते.

कुणीतरी कात्रीचं नाव काढलं. सगळ्या बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गर्दीत मागे सरकला. आईची दोरी सोडायची असते, कापायची नसते, एवढं तरी आम्ही मानतो. त्याच वेळी बर्फ उपसणारा कंत्राटी माणूस गाड्या हलवायला सांगायला खाली आला. पाय बांधलेली एक म्हातारी मधोमध आणि भोवती शांतपणे कॉफी पिणारे दोनशे लोक बघून तो काही न बोलता परत गेला. गाड्या हलवायच्या राहिल्या.

येलाचा ओठ थरथरायला लागला होता. “मी जास्त घट्ट बांधलं का?”

“नाही गं राणी,” मिलुंका म्हणाली. “तूच तेवढं नीट बांधलंयस. या घरात बाकी कुणाला काही नीट करता येत नाही.”

मी कोपऱ्यात जाऊन ओफेलियाला फोन लावला. सुनेशी आमचं कुणाचंच भांडण नव्हतं.

“आजच का ते मातेरीत्से?” ती म्हणाली. “बांधलंय? मग सोडा ना.”

“सोडतोय कोण! त्या सुटायला तयार नाहीत.” आणि मी दोन दोऱ्यांचं सांगितलं.

मग ती म्हणाली, “रुझामावशी, ही दोन दोऱ्यांची रीत खरी आहे?”

“आता आहे.”

“येतो,” ती म्हणाली.

तो अर्धा तास लांबला. मुलं रडायला लागली, तशी आयांनी आपापल्या सुटकेचे अक्रोड त्यांच्याकडून परत मागून खायला सुरुवात केली. घेवड्याचा वास दाराच्या फटीतून येत होता, आणि मिलुंका त्या दाराशी पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. ती हळूच म्हणाली, “नाही आला तर?” हे तिने कुणाला ऐकू जाऊ दिलं नाही. नाही आला तर दोनशे लोकांसमोर या बाईला स्वतःच्या हाताने नाडी सोडावी लागणार होती, आणि मग वस्तीत आयुष्यभर तेच.

“येईल,” मी म्हटलं. “आणि नाही आला तर मी बांधते तुला दुसऱ्या दोरीने. मग बस इथेच.”

जिन्यावर पावलं वाजली. बोग्दान आला, मागे कडेवर पोर घेतलेली ओफेलिया. आणि त्यांच्या मागे, खांद्यावर बर्फ घेऊन, रादोवान. दोघं भाऊ दाराशी भेटले असणार, कारण दोघांनीही माना विरुद्ध दिशेला वळवून धरल्या होत्या.

“आई, काय हे?” बोग्दानचे डोळे आधीच भरले होते. “आम्ही ओफेलियाच्या आईकडे जेवायला बसलो होतो.”

“बसला होतास ना कुणाच्या तरी आईकडे? छान. दोरी आणलीस?”

दोरी त्याने आणली नव्हती. या गाढवाला बोलावलं कशासाठी? ओफेलियाने पोर माझ्या हातात दिलं, आपली शाल काढली आणि पुढे केली. “सासूबाई, ही चालेल?”

“चालेल. लोकरीची आहे, गरम पण राहील.”

बोग्दानने गुडघ्यावर बसून नाडीच्या वर शाल बांधली. ओफेलिया मला म्हणाली, “मावशी, आमच्याकडे बरं असतं. आईसाठी गायचं, मग आई रडते, मग सगळे जेवतात.”

“आमच्याकडेही जेवतात,” मी म्हटलं. “कधीकधी.”

“झालं,” मिलुंका म्हणाली. “आता दोघंही माझ्यासमोर बसा.”

जवळ फक्त रविवारच्या शाळेतल्या मुलांच्या ठेंगण्या खुर्च्या होत्या. दोन दांडगे पुरुष त्यांच्यावर बसले. गुडघे छातीशी आले.

“बोला.”

बोग्दान बोलला. ते वेगळं सांगायला नको. मामा कसा पहाटे उठून आला होता, सूट कसा दोनदा धुवूनही वास गेला नाही, सासुरवाडीत आपली मान कशी खाली गेली, आणि आपण आईसाठी एक चांगली गोष्ट करायला गेलो तर स्वतःच्या सख्ख्या भावाने ती कशी नासवली. “मी एवढंच विचारतो, का? मी काय वाईट केलं होतं? का ओतलंस ते एकदा सांग. बस.”

रादोवानने जमिनीकडे पाहिलं. लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते आणि कान आमच्याकडे होते.

“रादोवान,” मिलुंका म्हणाली. नेहमीच्या आवाजात नव्हे. “बाळा, सांग रे.”

“मला वाटलं, तू गेलीस,” तो म्हणाला.

“कुठे गेले?”

“गेलीस म्हणजे गेलीस. मेलीस.” त्याने हाताने तोंड पुसलं. “झोपेत ट्रम्पेट ऐकू आलं. बाबांना नेताना वाजवलं होतं तसं. बाबांना जाऊन वर्षसुद्धा नव्हतं झालं. मी धावत गच्चीवर आलो, तर खाली काळ्या कपड्यांतली माणसं, तुझ्याच खिडकीखाली. आणि हा रडत होता.”

आमच्या डोंगरात माणसाला ट्रम्पेट वाजवत पोचवतात. स्तानिमिरलाही तसंच पोचवलं होतं, भर बर्फात. सभागृहातल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच हे समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तीन वर्षांत आमच्यापैकी एकीच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

“मी आनंदाने रडत होतो,” बोग्दान म्हणाला.

“ते वरून काय कळणार?”

“अरे, पण मी खिडकीत उभी होते!” मिलुंका म्हणाली. “हसत होते, हात हलवत होते. दिसले नाही का तुला?”

“दिसलीस.”

“मग?”

“दिसलीस म्हणूनच ओतलं.”

माझ्या हातातल्या पोराने माझ्या कानातला डूल धरून ओढला आणि मी तो ओढू दिला. म्हाताऱ्या पेर्साने मोठ्याने नाक शिंकरलं. बोग्दानचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून शब्द येत नव्हता. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच.

शेवटी तो म्हणाला, “मग हे सांगायचं नाहीस का? तीन वर्षं!”

“काय सांगू? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आईसाठी घाबरलो, आणि ती हसताना दिसली म्हणून भडकलो, असं सांगू? तुझ्या सासरच्यांसमोर?”

मिलुंकाने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू देऊन तिने पाय पुढे केले. “सोडा मला. दोघांनी.”

शाल लगेच सुटली. नाडी सुटेना. येलाची गाठ होती. बोग्दानने एक टोक धरलं, रादोवानने दुसरं, येला मध्ये उभी राहून इकडून घ्या, तिकडून ओढा सांगत होती, आणि दोघं आज्ञाधारकपणे तसं करत होते. सुटल्यावर मिलुंकाने पिशवी उघडली आणि खंडणी दिली. येलाला अक्रोड, अंजीर आणि चॉकलेट. दोघा मुलग्यांना एकेक मूठ अक्रोड आणि एकेक लोकरी मोज्यांचा जोड. म्हणजे धाकट्याचा जोड तिने विणून आणला होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पोलक्यातून किल्ली काढून तिने माझ्या हातात ठेवली. “उघड, रुझे. घेवडा खालून लागला असेल. मला आधी दुसरीकडे जायचंय. प्रार्थनेच्या आधीपासून जायचंय.”

ती उठली आणि परत बसली. पाय बधिर झाले होते. मग रादोवानने एका बाजूने धरलं, बोग्दानने दुसऱ्या बाजूने, आणि अध्यक्षबाईंना उचलल्यासारखं करत त्यांनी बायकांच्या बाथरूमपर्यंत नेलं.

मी कुलूप उघडलं. घेवडा खालून लागलाच होता. मासे गार झाले होते. लोकांनी हूं की चूं न करता ताटं पुढे केली, फादर सावा सगळ्यात पुढे. अर्धी रांग वाढून झाली तरी मिलुंकाचा पत्ता नाही. ती नसताना वाढप तिच्या मनासारखं होणार नाही आणि त्याचे बोल नंतर मला बसणार. मी झारा ओफेलियाच्या हातात देऊन बघायला गेले.

बाथरूमच्या दाराच्या दोन बाजूंना दोघं भाऊ भिंतीला टेकून उभे होते, हातात मोजे. मी आत शिरले. आत मिलुंका दारामागेच उभी होती, एक हात भिंतीला टेकवून, कान दाराला लावून. नळ बंद. हात कधीच धुऊन झाले होते, वाळलेही होते.

“अगं, तिकडे वाढप चाललंय...”

तिने ओठांवर बोट ठेवलं. “गप. बोलताहेत.”

मीही कान लावला.

“ती मागची पन्हळ अजून गळते?” बोग्दान विचारत होता.

“गळते.”

“बर्फ वितळायच्या आत करायला पाहिजे. शिडी आहे का?”

“आहे.”

“शनिवारी येतो मग.”

“दुपारनंतर ये. सकाळी मी झोपतो.”

“बरं.”

मग बोग्दान पत्र्याच्या जोडांविषयी सांगू लागला, कुठला चिकटवायचा मसाला थंडीत धरतो आणि कुठला धरत नाही. रादोवान मधूनमधून हं म्हणत होता. मिलुंका डोळे मिटून ऐकत होती. वर चर्चमध्ये तिला इतक्या लक्षपूर्वक काही ऐकताना मी कधी पाहिलेलं नाही.